दहाच्या खिळ्यावरचा दांडा

प्रिय भाऊजी,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुम्ही दारातच थबकला असाल आणि मनात म्हणाला असाल, वहिनीला फोन करता येत नाही का? येतो की. लेकीने, तुमच्या वॉशरने, मला नवा फोन घेऊन दिलाय आणि त्यावर मी कुणाशीही तासभर बोलू शकते. फक्त तुमच्याशी जमत नाही. तुम्ही विचारता, बरं आहे ना वहिनी, मी म्हणते, बरं आहे भाऊजी, मग तुम्ही म्हणता, जरा वॉशरला द्या, आणि मीही सुटल्यासारखी तिला हाक मारते. एकोणीस वर्षांत आपण यापलीकडे बोललेलो नाही. पत्राचं बरं असतं. वाचणाऱ्याला मध्येच 'बरं, ठेवतो' म्हणता येत नाही. तेव्हा चहा करून घ्या, चष्मा पुसा आणि निवांत बसा. पत्र लांबणार आहे.

आधी बातमी सांगते, कारण तिला तारीख आहे. आपल्या स्प्रिंगांच्या वर्कशॉपशेजारचे खोकेवाले आठवतात ना? तेच, ज्यांच्या पुठ्ठ्यावर बसून तुम्ही डबा खायचात. त्यांचा धंदा आता इतका फोफावलाय की थप्प्या रस्त्यावर येतात. हल्ली लोक घरबसल्या वस्तू मागवतात आणि प्रत्येक वस्तूला खोकं लागतं. परवा मी चहाची गाळणी मागवली तर ती बुटाच्या खोक्यात आली. त्यांना आपली शेड हवी आहे, गोदामासाठी. माणूस सज्जन आहे, घाई करत नाही, पण तुमच्या दादांनी त्याला महिनाअखेरीला हो किंवा नाही सांगायचं कबूल केलंय. आज बारा तारीख. लेथ, भट्टी, तार वळायच्या दांड्यांचा फळा, सगळं उचलून भंगारात द्यायचं की ठेवायचं, हे अठरा दिवसांत ठरणार आहे. मला ते द्यायचं नाहीये. हे तुम्हाला सुरुवातीलाच सांगून ठेवते, म्हणजे मी गोड गोड बोलून कुठे नेतेय असं तुम्हाला वाटायला नको.

आणि वॉशरलाही द्यायचं नाहीये. तुमच्या या पुतणीने चार महिन्यांपूर्वी चांगली नोकरी सोडली. ती एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर वस्तूंची चित्रं काढायची, खुर्च्यांची, पंख्यांची, कशाकशाची. एक दिवस घरी येऊन म्हणाली, बाबा, मी स्प्रिंगा बनवणार. तुमच्या दादांनी पेपर खाली केला, तिच्याकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर केला. तरी ती बोलत राहिली. तिचं म्हणणं असं, की मोठे कारखाने लाखांनी स्प्रिंगा काढतात, पण ज्याला चाळीसच हव्यात त्याला दारात उभं करत नाहीत. आणि चाळीसवाले आता जागोजागी निघालेत. कुणी छोट्या शेडमध्ये कृत्रिम पाय बनवतो, कुणी जुन्या शिवणयंत्रांना पुन्हा चालतं करतो, एक बाई तर बंद पडलेल्या वाद्यांच्या पट्ट्या दुरुस्त करून देशोदेशी पाठवते. लोकांना आता टाकून देण्यापेक्षा दुरुस्त करून वापरायचंय. त्यासाठी सुटे भाग लागतात आणि ते ज्यांनी बनवले ते कारखाने कधीच बंद झालेत. माणूस फोनवर मोडक्या स्प्रिंगचा फोटो पाठवतो, मापं पाठवतो, आठ दिवसांत त्याला त्याच्या चाळीस मिळतात. हे मोठ्यांना परवडत नाही आणि छोट्यांना सुचत नाही, असं ती म्हणते. मला तर तिचं म्हणणं पटलं. तुम्हीही असेच होतात. चहावाल्याच्या किटलीच्या झाकणाला स्प्रिंग करून देण्यात तुम्ही एकदा अख्खी दुपार घालवली होतीत आणि दादा तुमच्या नावाने कपाळावर हात मारत होते.

तर दादांनी तिला नाही म्हटलं नाही. अट घातली. तुम्हाला ती तोंडपाठ आहे. जो वळतो तो मोजत नाही, आणि जो मोजतो तो वळत नाही. नव्या ऑर्डरची पहिली स्प्रिंग एकाने वळायची, दुसऱ्याने मोजायची, मोजणाऱ्याने कार्डावर सही करून ते कार्ड दोऱ्याने त्या पहिल्या नगाला बांधायचं, आणि मगच पुढचा नग. मामंजींपासून चालत आलेला नियम. दादा म्हणाले, तू एकटी आहेस. दोन माणसं दाखव, मी खोकेवाल्याला नाही म्हणून सांगतो. वॉशर म्हणाली, मी वळते, तुम्ही मोजा. तेव्हा त्यांनी हात पुढे केला. भाऊजी, त्यांचा उजवा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. चहाची बशी वाजते म्हणून ते आता कपातूनच पितात, तोही अर्धा भरलेला. मापं घ्यायचा व्हर्नियर धरला की आकडे नाचतात. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, आई, तू मोज ना. मी म्हटलं, मला नाही येत. तिला बिचारीला ते खरंच वाटलं.

तुम्हाला माहीत आहे, मला येतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा स्प्रिंग म्हणजे पेनात असते ती, एवढंच माझं ज्ञान होतं. वॉशर शाळेत जायला लागली आणि दुपारी घर खायला उठायला लागलं, तशी मी वर्कशॉपवर डबा पोचवायच्या निमित्ताने रेंगाळायला लागले. दादांना ते आवडायचं नाही. ते भट्टीपाशी उभे राहून म्हणायचे, इथे तेल आहे, कपडे खराब होतील. मला पहिलं काम तुम्ही दिलंत. खोक्यात टाकलेल्या स्प्रिंगा एकमेकींत अशा अडकायच्या की ओढावं तितक्या घट्ट व्हायच्या, आणि तुम्ही दोघं भाऊ वैतागून त्या झटकत बसायचात. मी एक खोकं मांडीवर घेतलं आणि अर्ध्या तासात मोकळं करून दिलं. तुम्ही लेथ थांबवून पाहत राहिलात आणि म्हणालात, दादा, वहिनी कामावर लागल्या बरं का. त्या दिवसापासून तिसरं स्टूल माझं झालं. त्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली तुम्ही चपटी केलेली स्प्रिंग घातलीत. ती अजून तिथेच आहे.

काय दिवस होते ते. सकाळी लेथचा पट्टा चढवताना तुम्ही शीळ घालायचात, आणि दादा रेडिओचा आवाज मुद्दाम वाढवायचे. भट्टीतून निघालेल्या गरम स्प्रिंगांचा तो जळक्या तेलाचा वास माझ्या केसांना इतका चिकटायचा, की वॉशर मला मिठी मारून म्हणायची, आई, तुला काकांचा वास येतो. तिचं ते नाव तुम्हीच ठेवलंत, गोल चेहऱ्याची आणि कुठेही फट दिसली की जाऊन बसणारी म्हणून. तिच्या बुटांना तुम्ही स्प्रिंगा बांधून दिल्यात आणि ती उडी मारायला गेली ती थेट हनुवटीवर आपटली, तेव्हा मी तुमच्यावर केवढी ओरडले होते! ती खूण अजून आहे तिच्या हनुवटीवर. आता ती सगळ्यांना कौतुकाने दाखवते. लग्नाचा विषय काढला की तुम्ही म्हणायचात, माझं लेथशी झालंय, आणि मी म्हणायचे, मग जाऊबाईंना जरा तेलपाणी नीट करत जा. दादासुद्धा हसायचे तेव्हा. त्यांना हसू यायचं हो, भाऊजी. लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

व्हर्नियर वाचायला तुम्ही मला चोरून शिकवलंत. दादा तार आणायला गेले की आपली शाळा भरायची. मी चमच्यांची जाडी मोजली, बांगड्या मोजल्या, वॉशरची खोडरबरं मोजली. पहिल्यांदा तुमचं आणि माझं माप तंतोतंत जुळलं तेव्हा तुम्ही खिशातून तुमचा जुना व्हर्नियर काढून माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, आता हा तुमचा. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही आनंदाने. मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही मला इतकं भारी वाटलं नव्हतं. मात्र एक गोष्ट तुम्ही मला सांगायची राहून गेलीत. मी विचारली नाही आणि तुम्हाला सांगावीशी वाटली नाही, कारण तुमच्या दृष्टीने ती पाणी ओलं असतं इतकी उघड गोष्ट होती. तिच्याकडे येतेच.

शिवणयंत्रवाल्या कंपनीची ऑर्डर आली ते वर्ष आठवायला तुम्हाला माझी गरज नाही. चार हजार स्प्रिंगा, दहा मिलिमीटरच्या. नीट दिल्या असत्या तर दर महिन्याला चार हजार. दुसरा लेथ कुठे ठेवायचा म्हणून दादांनी जमिनीवर खडूने चौकोनसुद्धा आखला होता. नऊ दिवस तुम्ही मान वर केली नाहीत. माल गेला. आणि आठवड्याने तो सगळाच्या सगळा टेम्पोतून परत आला. कंपनीच्या माणसाने दादांच्या तळहातावर एक स्प्रिंग ठेवली आणि दुसऱ्या हातात यंत्राचा तो भाग दिला आणि म्हणाला, बसवून दाखवा. ती बसेना. एकही बसेना. साडेदहाच्या झाल्या होत्या सगळ्या. तो गेल्यावर दादांनी तुम्हाला विचारलं, कुठला दांडा घेतलास? तुम्ही म्हणालात, फळ्यावर दहाचा आकडा असलेल्या खिळ्यावरचा. त्यांनी तो दांडा मागून घेतला आणि मोजला. बरोबर दहा भरला. मग ते जे बोलले ते तुम्ही विसरला नसाल. दहाच्या स्प्रिंगला दहाचा दांडा? शिकाऊ माणूससुद्धा असं करत नाही. तुझ्या हातावर मी डोळे मिटून भरवसा ठेवला. तुम्ही फळ्याला पाठ लावून उभे होतात. एकदा माझ्याकडे पाहिलंत. आणि म्हणालात, चुकलं माझं, दादा. घाईत दांडा चुकला.

त्यानंतरच्या सोमवारी तुम्ही गेलात. हात दोनदा साबणाने धुतलेत, एप्रन खुंटीला नीट लावलात, लेथवर फडकं टाकलंत. मोठ्या कारखान्यात आपोआप स्प्रिंगा ओकणारी यंत्रं सांभाळायची नोकरी धरलीत. वॉशर आठ दिवस दारात बसून होती. दादा अडवतील असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. त्यांनी अडवलं नाही. ते आत भट्टीपाशी उभे होते आणि भट्टी तर त्या दिवशी पेटवलेलीच नव्हती. त्यानंतर त्यांनी एकट्याने काम ओढलं, किरकोळ, नेहमीच्याच गिऱ्हाइकांचं. नवी ऑर्डर म्हणून घेतली नाही. नवी ऑर्डर आली की पहिला नग आला, आणि पहिल्या नगाला दोन माणसं लागतात. जमिनीवरचा तो खडूचा चौकोन मीच पुसला. फळ्याला मात्र कुणी हात लावला नाही. त्याच्या डाव्या टोकाला, पाचाच्या खिळ्याच्याही अलीकडे, एक जास्तीचा खिळा आहे. त्याच्यावर कुठलाच दांडा नाही आणि त्याच्याखाली आकडाही नाही. एकोणीस वर्षं तुमचे दादा त्यावर टोपी अडकवतात. तो खिळा तिथे कशाला आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आणि मला रोज सकाळी त्यांना टोपी अडकवताना पाहावं लागलं.

आता कालचं सांगते. कृत्रिम पाय बनवणाऱ्या माणसाने वॉशरला चाळीस स्प्रिंगा मागितल्यात, गुडघ्यात बसणाऱ्या. तीन पेशंट त्यावाचून खोळंबलेत. पोरगी सकाळपासून वर्कशॉपमध्ये होती, दांड्यांची यादी करत होती. दादा भट्टीशेजारी खुर्ची टाकून बसले होते, मी माझ्या तिसऱ्या स्टुलावर. तिच्याकडे तो नवा, आकडे पेटणारा व्हर्नियर आहे. एक दांडा मोजला, दुसरा मोजला, तिसरा मोजला आणि ती मोठ्याने हसायला लागली. म्हणाली, आई, काकांचा फळा सगळा चुकलाय! दहाच्या खिळ्यावर साडेनऊचा दांडा, साडेदहाच्या खिळ्यावर दहाचा, सगळे एकेक घर सरकलेत. आणि बोलता बोलता तिने दोन दांडे काढून हातात घेतले, त्यांच्या खऱ्या खिळ्यांवर लावायला. मी उठले कधी मला कळलं नाही. स्टूल पडलं. मी ओरडले, हात लावू नकोस, पुन्हा तेच नको!

वॉशर तिथेच थिजली. दादा शांतपणे तिला समजावायला लागले. अगं, तार दांड्यावर वळताना घट्ट असते, पण दांड्यावरून सोडली की स्प्रिंग थोडी मोकळी होते. आपल्या या तारेची अर्धा मिलिमीटर मोकळी होते. म्हणून दहाची हवी असेल तर साडेनऊच्या दांड्यावर वळायची. काकाने खिळ्याखाली दांड्याचं माप लिहिलेलंच नाही, त्यावर होणाऱ्या स्प्रिंगचं लिहिलंय. फळा बरोबर आहे. एवढं सांगून ते थांबले. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, पुन्हा म्हणजे?

भाऊजी, हीच ती गोष्ट जी तुम्ही मला सांगायची राहिली होती. तुम्ही दोघं त्या मोठ्या ऑर्डरची तार आणायला गेला होतात. मी एकटी होते आणि माझ्या हातात माझा स्वतःचा व्हर्नियर होता. आपण कामाचे आहोत हे कुणाला तरी दाखवायची मला फार हौस होती. मी फळ्यावरचे दांडे मोजले आणि मला वाटलं, भाऊजींनी कधीतरी गडबडीत सगळे चुकीच्या खिळ्यांवर लावलेत. एकवीस दांडे मी पुसून, मोजून एकेक घर डावीकडे सरकवले. सगळ्यात बारीक दांड्याला खिळाच उरला नाही, म्हणून हातोडी घेऊन एक नवा ठोकला आणि वॉशरच्या खडूने त्याखाली साडेचारचा आकडा लिहिला. तुम्हाला अचानक सांगून चकित करणार होते. पण तुम्ही तारेचे भारे घेऊन थकून आलात आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच कामाला लागलात. तुमचा हात खिळ्यावर न बघता जायचा. माझ्या डोक्यातून ती गोष्ट निघूनच गेली. टेम्पो परत आला, दादांच्या हातात तो दांडा बरोबर दहा भरला, तेव्हा मला कळलं. आणि त्याच क्षणी तुम्हालाही कळलं. माझा तो वळणदार चार तुम्ही माझ्या मापांच्या वह्यांवर हजारदा पाहिलेला. म्हणून तुम्ही फळ्याला पाठ लावून उभे राहिलात, दादांना तो दिसू नये म्हणून.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. दादा मला नुकते कुठे वर्कशॉपमध्ये बसू द्यायला लागले होते आणि तेही बंद होईल म्हणून मी भ्याले. ठरवलं, राग उतरला की सांगेन. राग उतरायच्या आत तुम्ही गेलात. तुम्ही गेल्यावर मंगळवारी मी फळ्यापाशी गेले. सगळे एकवीस दांडे जागच्या जागी परत लावलेले होते. माझा खिळा रिकामा होता आणि त्याखालचा खडू ओल्या फडक्याने पुसलेला होता. नीट, डाग न ठेवता. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. तुमचा व्हर्नियर त्या दिवशी कपाटात ठेवला तो पुन्हा काढला नाही. आणि एक खरं सांगू? मला तुमचा रागही आला आहे, अनेकदा. तुम्ही मोठेपणा करून मोकळे झालात आणि मी रोज त्या टोपीकडे बघत बसले. एकदा तरी फोनवर म्हणायचं होतंत, वहिनी, मला माहीत आहे. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं. पण हेही माझं सोंगच आहे. तोंड मला होतं की.

काल मी हे सगळं दादांना सांगितलं, वॉशरसमोर, उभ्या उभ्या, पडलेलं स्टूल तसंच ठेवून. मला वाटलं आता छप्पर उडणार. ते उठले, फळ्यापाशी गेले, त्या खिळ्यावरची टोपी काढली आणि खालच्या लाकडावर अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी त्यांचा तो पत्र्याचा डबा काढला, ज्यात ते कुणाला हात घालू देत नाहीत. त्यातून एक स्प्रिंग काढली. तिला दोऱ्याने कार्ड बांधलेलं होतं. चार हजारांतला पहिला नग. कार्डावर लिहिलंय, मोजला, दहा, आणि खाली दादांची सही. ते म्हणाले, मी मोजला नव्हता. माझ्या भावाने वळलाय, मग काय मोजायचं, म्हणून सही केली. मोजला असता तर पहिल्याच नगाला कळलं असतं. तुझा खिळाही सापडला असता आणि आपण तिघं हसलो असतो. पुढच्या तीन हजार नऊशे नव्याण्णव वळल्याच गेल्या नसत्या. एवढं बोलून ते खुर्चीत बसले आणि तोंडावर टोपी धरून रडले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तुम्ही त्या दिवशी ती सहीही पाहिली होतीत ना? मोजलं असतं तर दादांनी ती केलीच नसती, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार होतं? म्हणजे माझी चूक तुम्ही पाठीमागे लपवलीत आणि त्यांची पदरात घेतलीत, आणि गेलात.

आता हे पत्र कशासाठी, ते. क्षमा मागायची होती, ती मागते. ती द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी त्यावर हटून बसणार नाही. पण हे पत्र मी दादांच्या सांगण्यावरून लिहितेय. ते स्वतः लिहायला बसले होते, सकाळी. दोन कागद फाडले. हात ऐकत नाही, आणि जिथे ऐकला तिथे त्यांना शब्द सापडेनात. शेवटी कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, तूच लिही, मी सांगतो. आणि सांगितलं काय, तर एवढंच: त्याला लिही, पहिला नग मोजायचा राहिलाय. वॉशरने सांगितलं की महिनाअखेरीला तुमची नोकरी संपते. त्या चाळीस स्प्रिंगा करायच्या आहेत, तार वेगळी आहे, कडक, ती किती मोकळी होते ते पोरीला अजून कळलेलं नाही, तीन नमुने वाया गेलेत. तुम्ही या. पहिला नग तुम्ही वळा, वॉशरला शेजारी उभी करून. मोजायचं मी आणि दादा बघतो. आज सकाळी आम्ही सराव केला. तुमचा जुना व्हर्नियर मी कपाटातून काढला, तेल दिलं. तो दादांनी धरला आणि त्यांचं मनगट मी दोन्ही हातांनी धरलं. दहाव्या खेपेला आकडा स्थिर राहिला. खोकेवाल्याला त्यांनी अजून काही कळवलेलं नाही, तुमच्या उत्तराची वाट बघताहेत. टोपीसाठी दाराशी दुसरी खुंटी ठोकली आहे. तो खिळा मोकळा आहे. ठेवायचा की उपटायचा, ते तुम्ही आल्यावर तुमच्या हाताने ठरवा.

तुमचा गुंता करून ठेवणारी आणि सोडवायला बसलेली,
तुमचीच
वहिनी